त्रिपुरीच्या उधाणाला जुनी शिडाची नौका उतरवायची आहे: साठ दिवसांत काय करायचं, काय मागे ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा: फायबरची २५ फुटी शिडाची नौका, वय तीसच्या आसपास, चार वर्षं विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीकाठी टेकूंवर उभी. अनंत चतुर्दशीनंतर दोघांनी मिळून स्वतःच काम सुरू करायचं आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेला हायड्रा (फिरती क्रेन) सांगून ठेवला आहे. कामांची यादी चाळिसाच्या पुढे गेली आहे. क्रम कसा लावावा आणि वेळेत होईल का?

होईल, पण यादीतली निम्मी कामं आजच बाजूला काढलीत तर. प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहा: नौका तरंगत असताना हे करता येईल का? येत असेल तर ते त्रिपुरीनंतर. गाद्या, आतलं लाकूडकाम, शेगडी, डेकचा रंग, पॉलिश, जादा दिवे हे सगळं जेट्टीला बांधलेल्या नौकेवर निवांत करता येतं. मागे चारच मोठ्या गोष्टी उरतात: तळातली भोकं आणि त्यांचे व्हॉल्व्ह, कील (तळाखालचं वजनी पातं) आणि सुकाणू, डेकचा कुजलेला गाभा (फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड), आणि डोलकाठी व तिच्या तारा. तारा खरं तर पाण्यातही बदलता येतात, पण डोलकाठी उभी करायला त्याच दिवशी हायड्रा हाताशी असतो, म्हणून त्या या यादीत.

आता तारखेचं. चतुर्दशी ते त्रिपुरी म्हणजे दोन चांद्रमास, साठेक दिवस. पण कोकणात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि जाताना दुपारी गडगडाटासह झोडपून जातो. रेझिन (फायबरचे थर चिकटवणारं रसायन) आणि रंगाला योग्य असे दिवस तीस-पस्तीसच मिळतील असं धरा. म्हणून कोरड्या हवेची गरज नसलेली कामं आधी आणि रेझिनची नवरात्रानंतर. घाईत सप्टेंबरमध्येच रेझिनचं काम सुरू केलात तर तेच काम ऑक्टोबरमध्ये खरवडून पुन्हा करावं लागेल.

भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट असते हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आडाखा म्हणून चांगला आहे: पौर्णिमेला सव्वाअकरा, पुढे मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे प्रतिपदेला पाऊण आणि द्वितीयेला दीड. उतरवण्यासाठी मात्र भरती-ओहोटीचा तक्ताच पाहा, कारण दोन गोष्टी या हिशेबात येत नाहीत. एक, उधाण शिगेला पोचतं ते पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. त्रिपुरीचा दिवस हुकला तरी पुढचे दोन दिवस तुमचेच आहेत. दोन, आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी असते. त्यामुळे दुपारी पाणी पुरतंय का हे वेगळं तपासा. मुंबईच्या तक्त्यातली उंची विजयदुर्गला लावू नका, दक्षिणेकडे चढ-उतार कमी होत जातो. कोजागिरीच्या उधाणाला त्याच जागी बांबू रोवून पाण्याची खूण करून घ्या. तुमची कील १.३ मीटर खोल जात असेल तर उतरण्याच्या जागी १.६ मीटर तरी पाणी हवं. जवळच गिर्येला मराठा आरमाराची गोदी अजून पाहता येते. तिथंही जहाज आत घ्यायचं ते भरतीच्याच पाण्यावर. राखीव तारीखही आजच ठरवा: पंधरा दिवसांनी देवदिवाळीचं उधाण. ती हाताशी असली की मोठा दोष सापडल्यावर तो झाकून टाकण्याचा मोह होत नाही. नोंदणीचे कागद आणि मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयातली चौकशी पहिल्याच आठवड्यात उरका. पाहणी लागणार असेल तर ती तळाला रंग लागण्याआधी झालेली बरी.

पहिले चार दिवस फक्त तपासणी. सुरुवात टेकूंपासून. नौकेचं वजन कीलवर असतं, टेकू फक्त तोल सांभाळतात. कीलखाली चिरे रचलेले असतील तर ते काढा. चिरा ओला झाला की भुगा होतो, आणि सिमेंटचा ठोकळा कसलीही सूचना न देता फुटतो. जाड लाकडी ओंडके वापरा, टेकूंच्या बुडाशी फळ्या टाका आणि समोरासमोरचे टेकू नौकेखालून साखळीनं एकमेकांना बांधा. पावसानं भुसभुशीत झालेल्या जमिनीत बांधलेले नसलेले टेकू बाहेर सरकतात.

मग प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून सगळं डेक ठोकत जा. टणक आवाज आला की गाभा ठीक, बद्द आवाज आला की आत ओलं किंवा सुटलेलं. खडूनं हद्द आखा. डोलकाठीचं बूड, ताणतारांच्या पट्ट्या म्हणजे चेनप्लेट आणि रेलिंगचे खांब यांच्याभोवती हमखास सापडतं. खात्रीसाठी आतल्या बाजूनं ५ मिमीचं भोक पाडा, पण वरच्या थरापर्यंत जाऊ नका. भुसा पांढरा आणि कोरडा असेल तर उत्तम. तपकिरी चिखल आला तर तो भाग उघडावाच लागेल. चेनप्लेट ज्या आडव्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टनं जोडल्या आहेत तिलाही टोचून पाहा. ती मऊ असेल तर वाऱ्याच्या पहिल्या जोराला डोलकाठी जाईल.

कील आणि तळाच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसली तर घाबरू नका. गंजाचं पाणी पाझरत असेल किंवा भेगेत नख शिरत असेल तर एक परीक्षा करा. हायड्राने नौका बेल्टवर इतकीच उचला की कील लोंबकळेल. सांधा उघडताना दिसला तर कील सोडवून, बोल्ट तपासून, नव्या सीलंटवर बसवणं भाग आहे, आणि मग तारीख देवदिवाळीची. सांधा हलला नाही तर भेग घासून, वाळवून, लवचिक सीलंटनं भरली तरी चालते. ही परीक्षा पहिल्या आठवड्यातच करा, हायड्राचे एका फेरीचे पैसे गेले तरी हरकत नाही.

सुकाणूच्या पात्यात खालच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडा. तीस वर्षांच्या पात्यातून पाणी निघणं नेहमीचंच. तपकिरी, गंजाच्या वासाचं पाणी निघालं तर मात्र आतल्या स्टीलच्या फांद्या कुजत आहेत असं समजा. पातं हातानं मागेपुढे ढकला. दांडा जागचा असताना नुसतं पातं हललं तर ते उघडल्याशिवाय नौका पाण्यात नेऊ नका.

तपासणी संपली की त्याच संध्याकाळी सामान मागवा. वायर, तिच्या टोकांची टर्मिनल, सीकॉक (तळाच्या भोकांचे व्हॉल्व्ह), इम्पेलर (इंजिनाच्या पाणीपंपातलं रबरी पात्यांचं चाक) आणि अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) रत्नागिरी-कणकवलीच्या दुकानांत मिळेलच असं नाही. मुंबई-गोव्याहून यायला लागणारे दिवस धरूनच वेळापत्रक बांधा. बोल्ट घेताना सावध राहा. आपल्या बाजारात २०२ ग्रेडचं स्टेनलेस सर्रास मिळतं आणि ते महिन्याभरात तांबूस पडतं. ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबक सांगत नाही, तो मॉलिब्डेनमच्या थेंब-चाचणीनं कळतो. बोल्टच्या डोक्यावर ए४ असा ठसा असेल तर ते ३१६ च्या वर्गातलं.

सप्टेंबरच्या ओल्या आठवड्यांत नौका नीट शाकारून घ्या. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, दोन्ही तोंडं उघडी. ताडपत्री नौकेला चिकटू देऊ नका, नाहीतर आत घाम धरतो. त्याच्या आडोशाला सगळे व्हॉल्व्ह, चेनप्लेट आणि डेकवरची फिटिंग्ज काढा. प्रत्येक भोकाला क्रमांक द्या आणि काढलेले बोल्ट त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा. तळ गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, कारण खार राहिला की तो हवेतली ओल ओढत राहतो. जुनं अँटीफाउलिंग पाणी मारून ओलं घासा, चांगला मास्क लावून, कारण त्यात तांबं असतं. खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ गोळा करा. त्याच खाडीत लोक तिसऱ्या आणि कालवं काढतात, ते पाणी तिथं जाता कामा नये. तळाचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस मीटर येईल. दोघांना चार-पाच दिवस पुरेल एवढं ते काम आहे.

आता व्हॉल्व्ह. पाण्याच्या रेषेखालचं प्रत्येक भोक म्हणजे बुडण्याची एक वाट, म्हणून आधी भोकं कमी करा. न वापरलेल्या सिंकचं किंवा बंद पडलेल्या यंत्राचं भोक कायमचं बुजवा. उरलेल्या फिटिंगवर कानसीनं एक ओरखडा काढा. पिवळा दिसला तर पितळ आहे, गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे आणि ते हातोडीच्या एका टोल्यानं तुटेल. प्लंबिंगच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह सीकॉकसारखाच दिसतो, पण खाऱ्या पाण्यात तो याच मार्गानं जातो. गनमेटल किंवा कांशाचे घ्या आणि फिटिंग व व्हॉल्व्ह एकाच कंपनीचे घ्या. आटे वेगळ्या जातीचे असले तर दोन-तीन फेऱ्यांतच घट्ट लागल्यासारखे वाटतात आणि प्रत्यक्षात सगळा भार त्या दोन फेऱ्यांवर येतो. आतून १५ मिमी जाडीचा, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजलेला मरीन प्लायचा गोल ठोकळा बसवा. त्यावर आयएस ७१० चा शिक्का हवा, आयएस ३०३ चा नको. सीलंट पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन. सिलिकॉन इथं चालत नाही. त्याची पकड कमी, आणि एकदा लागलं की त्या जागेवर पुढे रंगही धरत नाही. नट आधी हलका आवळा, सीलंट सुकल्यावर शेवटचा पाव फेरा द्या. पहिल्याच वेळी पूर्ण आवळलात तर सगळं सीलंट बाहेर येतं. प्रत्येक होजला दोन क्लिपा. क्लिपेचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशी जोडी बाजारात खूप असते. इथं मात्र चुंबक उपयोगी पडतो, स्क्रूला लावून पाहा. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्याच्या मापाचा निमुळता लाकडी बुच दोरीनं बांधून ठेवा.

रेझिनची कामं पाऊस थांबल्यावर. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या पॉलिएस्टरवर, म्हणजे नौका मुळात ज्या रेझिनची बनली त्यावर, इपॉक्सी हे दुसरं रेझिन चांगलं धरतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर धरत नाही. म्हणून पाण्याखाली आणि डेकच्या गाभ्याला शेवटपर्यंत इपॉक्सीच वापरा. बाजारात सहज मिळणारी, तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची चॉप्ड मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नका. तिला धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट पांढरी-कोरडी राहते. विणलेलं कापड किंवा बायअ‍ॅक्सियल (दोन तिरक्या दिशांच्या धाग्यांचं) घ्या. डेकवरच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या डागडुजीला पॉलिएस्टर वापरणारच असाल तर हार्डनर १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, काट्यावर मोजून. कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट करणारा द्रव) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर.

इपॉक्सीत मात्र हार्डनर कमीजास्त करून वेग बदलत नाही, मिश्रण कायमचं मऊ राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात संथ हार्डनर घ्या, एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेनं धूर सोडतं. पहाटेचं दव सकाळी दहापर्यंत पृष्ठभागावर असतं आणि सूर्य कलला की पुन्हा धरू लागतं. काम दहा ते साडेतीन-चार. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असावं. छोटा आर्द्रतामापक घ्या, ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी लाकूड कापा, वायर मोजा, रेझिन नको. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो गोड्या पाण्यानं आणि खरखरीत स्पंजानं धुतल्याशिवाय घासलात तर सँडपेपर तो थर सगळीकडे चोळत बसतो आणि वरचा हात पुढे सोलून निघतो.

डेक उघडताना वरचा थर साधारण ३ मिमी जाड धरून तेवढ्याच खोलीवर कापा आणि झाकणासारखा अखंड उचला, तोच परत बसवायचा आहे. ओला बाल्सा (गाभ्याचं हलकं लाकूड) कोरडा लागेपर्यंत खरवडा, सुटलेल्या कडांच्याही थोडं पुढे जा. तीन-चार दिवस वाळू द्या, पंखा लावा. हीट गननं घाई केली की आतला थर सुटतो. नवा बाल्सा किंवा, जिथं बोल्टचा भार येतो तिथं, मरीन प्लाय दाट इपॉक्सीत दाबून बसवा आणि वर वाळूच्या पिशव्या ठेवा. झाकण परत चिकटवलं की कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकास बारा उतार घासा. ३ मिमी जाडीला प्रत्येक बाजूला ३६ मिमी. त्यात कापडाच्या पट्ट्या, अरुंद ते रुंद. एवढा रुंद उतार घासायचा कंटाळा येतो, पण अरुंद उताराचा सांधा पहिल्या वर्षीच रेघ दाखवतो. फिटिंगची भोकं थेट गाभ्यात पाडू नका. दुप्पट मापाचं भोक पाडून दाट इपॉक्सीनं भरा आणि सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं पाडा. मूळ गाभा कुजला तो याच एका कामात हयगय झाल्यामुळे.

तळावर फोड दिसले आणि फोडल्यावर शिर्क्यासारख्या वासाचा द्रव निघाला तर ती ऑस्मोसिस, म्हणजे फायबरमध्ये मुरलेलं पाणी. पाच-पन्नास फोड असतील तर उघडा, धुवा, वाळवा आणि भरा. सगळा तळ भरलेला असेल तर तो जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) सोलून काही महिने वाळवण्याचा विषय आहे, साठ दिवसांत बसत नाही. अशा वेळी मोठे फोड भरून यंदा उतरवा आणि पुढच्या पावसाळ्याआधी नौका बाहेर काढून पूर्ण इलाज करा. ओला तळ बॅरियर कोटखाली (पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीच्या थराखाली) कोंडण्यापेक्षा हे कधीही बरं. तळ खरोखर कोरडा असेल तरच बॅरियर कोट: रोलरनं चार हात, एकूण पाव मिलिमीटरच्या वर जाडी, ८-९ लिटर इपॉक्सी. आधीचा हात चिकट असतानाच पुढचा दिला तर मध्ये घासावं लागत नाही, म्हणून चारही हात एका दिवसात बसवता येतील असा दिवस निवडा.

तारांचं वय कळत नसेल तर सगळ्या बदला. १ × १९ जातीची (एकोणीस जाड धाग्यांची) ३१६ ची वायर बाहेरून चकचकीत असताना टर्मिनलच्या आतून कुजते. नवीन लांबी जुन्या वायरीवरून घ्या, ताणून, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत आणि टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) अर्धं उघडं ठेवून. हातानं बसवता येणारी मेकॅनिकल टर्मिनल घेतलीत तर प्रेसवाल्याची वाट पाहावी लागत नाही. चेनप्लेट बाहेर काढल्याशिवाय कळत नाहीत. डेकमधून जातात त्या दोन इंचांतच हवा न मिळालेलं स्टेनलेस खाचांनी कुजतं. फॅब्रिकेशनवाल्यांकडे तीन स्प्रेचा डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणाऱ्या रंगाचा) संच मिळतो. लाल रेघ उमटली तर ती पट्टी भंगारात. स्प्लिट पिना सगळ्या नव्या.

इंजिनाचं सांगायचं तर इम्पेलर बदला आणि जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर ते पुढे नळीत अडकलं आहे, ते शोधा. टाकीच्या तळाचं पाणी काढा, डिझेल फिल्टरचे दोन संच ठेवा, एक्झॉस्टचं कोपर उघडून काजळी पाहा, आणि गोड्या पाण्याच्या ड्रमवर अर्धा तास चालवून बघा. वायरिंगमध्ये सध्या बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा), दिशादिवे आणि व्हीएचएफ रेडिओ एवढंच. बिल्ज पंप मुख्य स्विचला बगल देऊन, बॅटरीजवळच फ्यूज घालून थेट जोडा.

अँटीफाउलिंग शेवटच्या आठवड्यात: दोन हात, आणि पुढची धार, सुकाणू व पाण्याच्या रेषेवर तिसरा. ५ लिटर पुरावं. टेकूंच्या खालचे चट्टे राहतात, तेव्हा एका वेळी एकच टेकू सरकवून ते भरा. डब्यावर रंगानंतर किती तासांत आणि किती दिवसांच्या आत पाण्यात उतरवायचं हे लिहिलेलं असतं. ते आधीच वाचा, कारण काही रंग फार दिवस उघडे राहिले की निकामी होतात. अ‍ॅनोडला, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणाऱ्या तुकड्याला, रंग लावू नका. वाघोटनसारख्या गोडं पाणी मिसळणाऱ्या खाडीत जस्ताच्या अ‍ॅनोडवर कवच धरतं आणि तो काम थांबवतो, तिथं अ‍ॅल्युमिनियमचा बरा.

उतरवण्याच्या दिवशी हायड्रावाल्याला वजन आणि आडवं अंतर दोन्ही सांगा. दांडा जसा लांबवावा तशी उचलण्याची ताकद झपाट्यानं घटते, १२ टनी हायड्राही अंतरावर अडीच टनाला कुरकुरतो. चाकांखाली लोखंडी प्लेटा. पट्ट्याचे रुंद बेल्टच वापरा, वायररोप नको. बेल्ट कुठे येणार त्याच्या खुणा तळाच्या वर टेपनं करून ठेवा, प्रोपेलरचा दांडा आणि सुकाणू टाळून, आणि दोन्ही बेल्ट एकमेकांना दोरीनं बांधा म्हणजे पुढचा सरकत नाही. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पाण्यात. चढत्या पाण्यात रुतलात तर पाणी सोडवतं, उतरत्या पाण्यात रुतलात तर नौका आडवी पडते.

तरंगली तरी बेल्ट सोडू नका. एकानं आत जाऊन प्रत्येक व्हॉल्व्ह एकेक करून उघडायचा आणि कोरडा टिश्यू पेपर सांध्याभोवती फिरवायचा. नजरेला न दिसणारी ओल कागदाला लगेच कळते. स्टर्न ग्लँडमधून (प्रोपेलरचा दांडा बाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून) इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले तर ठीक, अजिबात पडत नसतील तर दांडा तापतोय. सगळं कोरडं असेल तर बेल्ट सोडा आणि डोलकाठी उभी करा. नंतर पूर्ण ओहोटी-भरतीचं एक चक्र तरी कुणीतरी नौकेवर राहा, दर तासाला बिल्ज पाहा.

तारांचा ताण मोजायला उपकरण लागत नाही. वायर जेमतेम ताठ असताना तिच्यावर २ मीटरची खूण करा. ती खूण १ मिमीनं लांबली की वायर तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताणली गेली. वरच्या बाजूच्या तारांना ३ ते ४ मिमी द्या, दोन्ही बाजूंना सारखं. नव्या वायरी बसतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हे पुन्हा मोजा आणि मगच स्प्लिट पिना वाकवून टेप गुंडाळा.